चिरेबंदी वाड्याचा लाकडी कणा
(महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’ या नाटकाविषयी)

गेल्या आगमनकाळात आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाने नवी सदनिका घेतली आणि घर आशीर्वादित करण्यासाठी मला बोलावले. प्रार्थना झाली, पवित्र जल शिंपडून झाले, चहा आला. बैठकीच्या खोलीत एका कोपऱ्यात सागवानाचा जुना खांब उभा होता. खाली चौरस बैठक, तिच्यावर कमळाच्या पाकळ्या आणि त्यांतून वर निमुळता होत गेलेला गोल दंड. महाल भागातील कुठल्याशा पाडलेल्या वाड्याचा हा खांब असून जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडून तो बऱ्याच किमतीस मिळाला, असे यजमानांनी अभिमानाने सांगितले. खांबाला चकचकीत पॉलिश होते. त्याच्या माथ्यावर दिवा बसवला होता आणि त्याचे टोक छतापासून हातभर खालीच संपत होते. यजमानांच्या मातोश्री उमरेडकडच्या खेड्यातून नुकत्याच आल्या होत्या. त्या खांबाजवळ गेल्या, त्यावरून हात फिरवला, मान वर करून पाहिले आणि मला म्हणाल्या, “फादर, ह्याच्यावर तं काहीच नाही जी. मंग हा उभा कायले हाय?”

सगळे हसले. मीही हसलो. परतीच्या वाटेवर मात्र तो प्रश्न माझ्याबरोबर आला आणि त्याने मला एका नाटकापाशी नेऊन सोडले. आमच्या युवक मंडळाच्या वाचनवर्गासाठी त्याच आठवड्यात मी ‘वाडा चिरेबंदी’ पुन्हा वाचावयास घेतले होते. हे नाटक मी पूर्वी वाचले होते, पाहिलेही होते. परंतु त्या आजींनी माझ्या हाती एक निराळाच गज दिला. त्या गजाने हे नाटक मोजून पाहावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

महेश एलकुंचवार हे आपल्या विदर्भाचे. त्यांचा जन्म १९३९ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील पारव्याचा आणि लेखनाची बहुतेक सारी हयात नागपुरात गेलेली. ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ मध्ये विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. पुढे ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ ही नाटके लिहून एलकुंचवारांनी त्याची त्रिनाट्यधारा पूर्ण केली, आणि १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांनी तिन्ही नाटके सलग सादर केली. ‘युगान्त’ला २००२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एवढ्या मान्यतेनंतर या नाटकाची थोरवी पुन्हा सांगण्याची आवश्यकता नाही. प्रश्न आहे तो आपण ते कसे वाचत आलो याचा.

कथानक बहुतेकांना ठाऊक असेल. धरणगावच्या देशपांड्यांच्या वाड्यात कर्ते तात्याजी वारले आहेत. मुंबईहून धाकटा मुलगा सुधीर आणि त्याची कोकणातली पत्नी अंजली आली आहेत. वाड्यात थोरला भास्कर, त्याची पत्नी वहिनी, त्यांची मुले पराग आणि रंजू, लग्नावाचून राहिलेली बहीण प्रभा, घरच्या गड्यासारखा राबणारा चंदू, नुकतीच विधवा झालेली आई आणि जराजर्जर दादी असा परिवार आहे. तेराव्याच्या खर्चाचा प्रश्न निघतो, वाड्याच्या विक्रीची भाषा होते, घराण्याच्या दागिन्यांवरून मने दुखावतात आणि एके दिवशी रंजू ते दागिने घेऊन मास्तराबरोबर पळून जाते. अंगणात एक बंद पडलेला ट्रॅक्टर गंजत उभा आहे. वाड्याची पडझड चालू आहे.

या पडझडीचा अर्थ आपल्या समीक्षेने बहुधा एकाच दिशेने लावला आहे. कूळकायद्याने जमिनी गेल्या, वतने गेली, जुनी प्रतिष्ठा पोकळ झाली. म्हणून ढासळणारा वाडा हे सरंजामी व्यवस्थेच्या अंताचे प्रतीक होय. हा अर्थ चूक नाही. परंतु त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती अशी की वाडा म्हणजे दगड, आणि दगड ढासळला की वाडा संपला. नाटकाचे नावच ‘चिरेबंदी’ असल्याने असे वाटणे स्वाभाविक आहे. वास्तविक पाहता आपल्याकडचा वाडा दगडावर उभा नसतो.

हे विधान थोडे उलगडून सांगितले पाहिजे, कारण आजच्या तरुण वाचकाने वाडा उभा असलेला कदाचित पाहिलाच नसेल. वाड्याचे जोते दगडी असते. बाहेरची भिंत खालच्या अंगास घडीव दगडाची किंवा पक्क्या विटेची असते आणि तीही काही भार घेते. पण चौकात पाऊल टाकले की सारा कारभार लाकडाच्या हाती जातो. जोत्यावर दगडाचे तळखडे बसवलेले असतात, म्हणजे खांबाखालच्या घडीव उशा. त्यांच्यामुळे लाकूड ओल्या जमिनीला लागत नाही. तळखड्यावर सागवानी खांब, खांबाच्या माथ्यावर दोन्ही बाजूंना हात पसरल्यासारखे आडवे लाकूड, त्यावर तुळई, तुळईवर ओळीने कड्या, कड्यांवर फळ्या आणि फळ्यांवर माती-चुन्याची जमीन. वर पुन्हा खांब, पुन्हा तुळई, आणि शेवटी आढे, वासे आणि कौले. दोन खांबांमधल्या भिंती पांढऱ्या मातीच्या वा विटांच्या असतात. त्या ऊन-वारा अडवतात, आडोसा देतात. माडीचा भार पेलतात ते खांब आणि तुळया.

ही सारी जोडणी खिळ्यांवर नसते. एका लाकडाच्या टोकाला तासून जीभ काढायची, तिला सुतार कुसू म्हणतात. दुसऱ्या लाकडात तिच्या मापाची खाच कोरायची आणि दोन्ही एकमेकांत बसवून आरपार लाकडाची खुंटी ठोकायची. वरून जितका भार येईल तितका सांधा घट्ट बसतो. खुंटी काढली की लाकूड सुटे होते. म्हणून असा वाडा एखादी तुळई बदलून दुरुस्त करता येतो. किंबहुना सबंध उतरवून दुसरीकडे उभाही करता येतो. आपल्या भाषेतही या रचनेची खूण राहिली आहे. घराचे माप आपले पूर्वज चौरस फुटांत सांगत नसत. ‘पाच खणांचे घर’, ‘तीन खणी माडी’ असे म्हणत. खण म्हणजे दोन खांबांमधले अंतर. एक कडी किती लांब पल्ला पेलू शकेल, यावरून मराठी माणसाने आपले घर मोजले. मापाचा तो शब्द रानातून आला आहे.

आणि रानही आपलेच. चंद्रपूर-गडचिरोलीचे सागवान, आलापल्लीचे जंगल, बल्लारपूरचा लाकूड-आगार ही नावे आजही देशभर घेतली जातात. २०२३ मध्ये खुल्या झालेल्या नव्या संसद भवनासाठीही सागवान नागपूरहूनच गेले. सागाच्या अंगी एक तेल असते. त्यामुळे वाळवी आणि ओल त्याला सहसा बाधत नाहीत. नागपूरच्या भोसल्यांचा राजवाडाही काळ्या दगडाचा आणि लाकडी कोरीवकामाचा होता. १८६४ च्या आगीत तो जळाला. पुण्याच्या शनिवारवाड्याची हकीकत तशीच. १७३० मध्ये पायाभरणी, १७३२ मध्ये वास्तुशांत आणि १८२८ मध्ये आग. आज तेथे जाणाऱ्याला दिसतात ते तट, दरवाजे आणि जोती. आपण त्या दगडांना शनिवारवाडा म्हणतो. ज्यात माणसे राहत होती, तो शनिवारवाडा लाकडाचा होता आणि तो आता नाही.

या ठिकाणी एक आठवण सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी नागपुरात सेमिनरीचा विद्यार्थी होतो. काही आठवड्यांनी मदतकार्य करणाऱ्या एका गटाबरोबर आम्हा काही जणांना तिकडे पाठवण्यात आले. तिकडची घरे जाड दगड-मातीच्या भिंतींची, वर धाब्याची जड माती. त्या दगडांनी हजारो माणसे झोपेत गाडली. पण एका गावात मी एक घर पाहिले, ते अद्याप डोळ्यांसमोर आहे. चारही भिंती बाहेरच्या बाजूस ढासळल्या होत्या आणि त्या ढिगाऱ्याच्या मधोमध खांब, तुळया आणि त्यांवरचे छत जसेच्या तसे उभे होते. कडीला टांगलेली घोंगडी दिसत होती. घरातली माणसे वाचली होती. पुढे अभियंत्यांच्या पाहणीतही हेच नमूद झाले की, जेथे लाकडी सांगाडा धड होता तेथे भिंती पडूनही पुष्कळदा छत उभे राहिले. जेथे तुळया नुसत्या भिंतीवर टेकवल्या होत्या किंवा खांबाचे पाय कुजले होते, तेथे सारेच खाली आले. घर कोण पेलते, हे त्या गावात मला पहिल्यांदा कळले.

आता या दृष्टीने ‘वाडा चिरेबंदी’कडे पाहू.

चिरा कोणाला दिसतो? तो रस्त्याने जाणाऱ्याला दिसतो. ज्या गावात इतरांची घरे मातीची, त्या गावात ‘चिरेबंदी’ हा शब्द बांधणीपेक्षा प्रतिष्ठेचा असतो. भास्करला ज्याची चिंता आहे ते हेच. तेरावे थाटात झाले पाहिजे, गाव काय म्हणेल, देशपांड्यांचे नाव राहिले पाहिजे. हा सारा वाड्याचा बाहेरचा तोंडवळा आहे. नाटक मात्र घडते आत, माजघरात आणि ओसरीवर. जेथे चिरा नसतो, खांब असतात. एलकुंचवारांनी नाव दिले आहे वाड्याच्या चेहऱ्याचे आणि नाटक लिहिले आहे त्याच्या कण्याचे. माझ्या मते या नाटकातील खरा उपरोध तो आहे, आणि आपण शीर्षक शब्दशः घेतल्यामुळे तो बव्हंशी आपल्या नजरेतून सुटला.

भार कोणावर आहे ते पाहा. भास्कर थोरला, म्हणून तो आढ्यासारखा सर्वांच्या वर. आढे हे घरातले सर्वांत उंच लाकूड खरे, पण ते स्वतः कशावर तरी टेकलेले असते. खालचे खांब काढले तर त्याच्या उंचीला काही अर्थ उरत नाही. खालचे खांब कोणते? एक वहिनी. नाटककाराने तिला सबंध नाटकभर नात्याच्याच नावाने वावरू दिले आहे. खांबाला कोणी नावाने हाक मारत नाही. पहाटेपासून रात्रीपर्यंतचा संसार तिच्या माथ्यावर आहे आणि तो तिने इतक्या निमूटपणे घेतला आहे की तो आहे हेही कोणाच्या ध्यानात येत नाही. घराण्याचे दागिने अंगावर घालण्याचा तिचा एक क्षण येतो. त्यात लोभ आहे, असे काहींना वाटते. मला तो प्रसंग वाचताना कोरीव खांब आठवतो. पुण्याच्या विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागी सुरूच्या झाडासारखे कोरलेले सागवानी खांब आहेत. त्या कोरीवकामाने खांबाचे ओझे कमी होत नाही. पण जो भार पेलतो त्याला नक्षी शोभते, एवढे मात्र खरे. वहिनीने दागिने घातले तर ते असे शोभतात.

दुसरा खांब चंदू. तो सर्वांची कामे करतो, विहिरीपासून अंगणापर्यंत राबतो आणि अंगणातल्या ट्रॅक्टरमुळे त्याच्या पायाला जखम होऊन ती चिघळत जाते. समीक्षकांनी ट्रॅक्टरकडे पुष्कळ लक्ष दिले. न पचलेली आधुनिकता म्हणून त्याचे विवरण केले. चंदूच्या पायाकडे मात्र तितकेसे कोणी पाहिले नाही. कोणत्याही जुन्या सुताराला विचारा, लाकडी घर कोठून जाते? तो वर पाहणार नाही, खाली वाकेल आणि तळखड्यापाशी खांबाला पटाशीचे टोक टोचून पाहील. लाकूड कुजते ते पायाशी. वरून पॉलिश असते, नक्षी असते, पण पायाशी ओल लागलेली असते आणि ती ओल सर्वांत आधी त्या खांबाला लागते, ज्याच्याकडे घरातले कोणी बघत नाही. एलकुंचवारांनी जखम चंदूच्या पायाला दिली, ती सुतारकीच्या ज्ञानाने दिली की कलावंताच्या अंतःप्रेरणेने, हे महत्त्वाचे नाही. जखम नेमक्या जागी आहे.

तिसरी प्रभा. तिला शिकावयाचे होते. तिला घरात ठेवण्यात आले. भिंतीत चिणलेला खांब बाहेरून दिसत नाही, पण भार त्याच्यावरही असतो. उलट त्याला वारा लागत नसल्याने तो आतल्या आत कुजतो. आणि सुधीर? तो सांगाड्यातून काढून घेतलेली तुळई आहे. तिला मुंबईत दुसरीकडे बसवले आहे, तेथेही ती काही तरी पेलत असेलच. तिच्या जागी वाड्यात काहीच बसवले गेले नाही, त्यामुळे तिचा भार शेजारच्या खांबांवर सरकला. सुधीरविषयी आपला राग आणि सहानुभूती दोन्ही एकाच वेळी जाग्या राहतात, त्याचे कारण मला येथे दिसते. तात्याजी वारल्यावर घरात जे होते, तेही असेच. मधला खांब गेला की घर त्याच क्षणी पडत नाही. ते काही काळ कुरकुरत उभे राहते आणि प्रत्येक लाकूड आपला भार शेजाऱ्यावर ढकलू पाहते. सबंध नाटक म्हणजे त्या कुरकुरण्याचा आवाज आहे.

येथवर नाटककाराच्या बाजूने लिहिले. आता दोन गोष्टी त्याच्या विरुद्ध बाजूनेही नोंदवणे प्रामाणिकपणाचे होईल.

पहिली ही की, या वाड्यात सुतार येत नाही. वाडा विकण्याची भाषा होते, पण तो दुरुस्त करू शकणारा कोणी येत नाही. हा वाडा ज्याने उभारला तो बारा बलुतेदारांपैकी एक होता. त्याचे वाकस आणि करवत चालली तेव्हा त्याला धान्याची पेंढी मिळाली असेल, नाव मिळाले नाही. ज्या रानातून साग आला तेथे गोंड-माडिया राहत होते. त्यांच्या खांद्यांवरून आणि बैलांच्या मानेवरून ती लाकडे नदीपर्यंत पोचली. देशपांड्यांचे दुःख आपल्या काळजाला भिडते ते नाटककाराच्या सामर्थ्याने. परंतु ज्यांच्या हातांनी हे घर झाले, ते हात या नाटकाच्या कक्षेबाहेर राहिले आहेत. नाटकाला आपली चौकट निवडण्याचा अधिकार आहे, हे मी जाणतो. तरीही ज्या घरात कोणालाच लाकडाला हात लावता येत नाही, ते घर पडणार हे ठरलेलेच आहे आणि ही अपात्रता काळाने आणलेली नाही. ती त्या घराने पिढ्यान्पिढ्या स्वतःच जोपासली आहे. हे नाटकातून निघते, पण नाटक ते म्हणत नाही.

दुसरी गोष्ट अटळतेची. त्रिनाट्यधारा ‘युगान्त’मध्ये एका उजाड, तहानलेल्या प्रदेशात जाऊन थांबते. तिचे काव्य मोठे आहे आणि ते मी नाकारत नाही. पण जे घर सांध्यांचे असते, त्याचा अंत अटळ नसतो. खांबाचा पाय कुजला तर तुळईला टेकू देतात, कुजलेला भाग कापतात, तिरका काप घेऊन नवे लाकूड जोडतात, खुंटी ठोकतात आणि टेकू काढतात. खांब पुन्हा उभा राहतो; जोड दिसतो, पण त्याची लाज वाटण्याचे कारण नसते. एखादी भिंत पडली तर सांगाडा राहतो आणि भिंत पुन्हा भरता येते. सांगाडा सांभाळला नाही तर कितीही चिरे रचून उपयोग नाही. आपल्या कुटुंबांनाही हे लागू आहे. आपण प्रतिष्ठेच्या भिंती पडू नयेत म्हणून जिवाचे रान करतो आणि आतला खांब पायाशी कुजत चालला आहे, याकडे पाहत नाही.

धर्मगुरू म्हणून मला येथे एक विचार सुचतो, तो सांगून टाकतो. आपल्या श्रद्धेच्या भाषेत दगडाची उपमा फार आहे: खडक, कोनशिला, पाया. पण मार्कच्या शुभवर्तमानात नाझरेथचे लोक येशूला ज्या नावाने ओळखतात, तो मूळ ग्रीक शब्द ‘टेक्टोन’ असा आहे. लाकडाची कामे करणारा, घरे बांधणारा कारागीर, असा त्याचा अर्थ. मत्तयात तोच शब्द संत योसेफासाठी येतो. नाझरेथची घरे आपल्या किल्लारीकडच्या घरांसारखीच, दगडाच्या भिंती आणि वर लाकडाच्या कड्यांवर मातीचे धाबे. प्रभूने आपल्या आयुष्यातील बहुतेक वर्षे गावकऱ्यांच्या डोक्यावरच्या कड्या सरळ बसल्या आहेत की नाहीत, हे पाहण्यात घालवली असावीत, असे समजावयास जागा आहे. देशपांड्यांच्या वाड्यात जो माणूस आला नाही, तो आपल्या प्रार्थनांमध्ये दररोज येतो. आपण त्याला मखरात बसवतो आणि पटाशी त्याच्या हातातून काढून घेतो.

१५ एप्रिल २०१९ रोजी पॅरिसचे नोत्र-दाम महामंदिर पेटले, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी ते दृश्य दूरदर्शनवर पाहिले. जळाले ते मुख्यतः बाराव्या-तेराव्या शतकातल्या ओकच्या लाकडांचे छत. त्या छताला तेथील लोक ‘अरण्य’च म्हणत. ते काँक्रीटचे करावे की पोलादाचे, याची चर्चा झाली. अखेर सुमारे दोन हजार ओक वृक्षांचे लाकूड वापरून शिखर आणि छत पूर्वीसारखे उभारले गेले. मध्यभागाच्या छताच्या तुळया तर सुतारांनी कुऱ्हाडीने तासल्या. डिसेंबर २०२४ मध्ये महामंदिर पुन्हा खुले झाले. त्याच फ्रान्समध्ये रीम्सचे महामंदिर १९१४ मध्ये तोफांच्या माऱ्यात जळाले होते. त्याचे छत आंरी दन्यो या वास्तुशिल्पकाराने काँक्रीटच्या छोट्या तुकड्यांचे केले. पण ते तुकडे जोडले मात्र जुन्या सुतारकीच्या पद्धतीने, ओकच्या खुंट्या ठोकून. या दोन्हींपैकी योग्य कोणते? मला वाटते, दोन्ही. लाकूड की सिमेंट, हा प्रश्न दुय्यम आहे. दोन्ही छते भार पेलतात आणि दोन्हीकडे सांधा जाणणारा हात होता. आपल्या परंपरेकडे पाहण्याची खरी कसोटी मला येथे सापडते. जुनी वस्तू आपण राखली की नाही, एवढे पाहून भागत नाही. ती काही पेलते की नाही, हे पाहिले पाहिजे.

या कसोटीवर आज आपल्या शहरात काय दिसते? वाडे उतरवले जातात. जागेची किंमत वाढलेली, वारस अनेक, भाड्याचे वाद, दुरुस्तीला पैसा नाही. हे प्रश्न खरे आहेत आणि वाडा विकणाऱ्याला मी दोष देणार नाही. उतरवलेल्या वाड्याचे लाकूड व्यापाऱ्याकडे जाते. तुळया चिरून फळ्या होतात, दरवाजांची मेजे होतात आणि खांब उपाहारगृहांच्या दालनांत जाऊन ‘पारंपरिक वातावरण’ निर्माण करतात. नाटकाचेही तसेच होत आले आहे. ‘वाडा’ हा आता आपल्या साहित्यात आणि दूरदर्शन-मालिकांत एक देखावा झाला आहे: झोपाळा, तुळशीवृंदावन, नऊवारी, पाठीमागे कोरीव खांब. एलकुंचवारांच्या नाटकाने जो भार दाखवला होता, तो काढून घेऊन आपण नुसते खांब ठेवले. ज्यांनी ‘वाडा चिरेबंदी’कडे गतवैभवाची हळवी आठवण म्हणून पाहिले, त्यांनीही नकळत हेच केले. हे नाटक गतवैभवासाठी उसासा टाकत नाही. भार कोणी वाहिला आणि तो कोणी पाहिला नाही, याचा तो जमाखर्च आहे. म्हणून ते चाळीस वर्षांनंतरही उभे आहे आणि म्हणूनच आपल्या तरुणांनी ते वाचले पाहिजे. त्यांच्या घरांत वाडा नसेल. वहिनी, चंदू आणि प्रभा कदाचित असतील.

आमच्या वाचनवर्गात मी हे सारे मांडले तेव्हा एका मुलीने विचारले, “फादर, आपल्या धर्मग्रामात चंदू कोण?” मी लगेच उत्तर दिले नाही. वर्ग संपल्यावर मुले आपापसांत नावे घेत होती: मिस्सानंतर बाके सरळ करणारे काका, आजारी भावाला सांभाळण्यासाठी नोकरी सोडलेली एक ताई, सणावारी स्वयंपाकघरातून बाहेर न येणाऱ्या काही माउल्या. त्यांच्यापैकी एक जण, एका मुलाच्या सांगण्यावरून मला कळले, दोन महिन्यांपासून लंगडत चालत होते. मी त्यांना दर रविवारी पाहत होतो.

पुनरुत्थान सणानंतर मी त्या नव्या सदनिकेत पुन्हा गेलो. खांब तेथेच होता. माथ्यावरचा दिवा मात्र बंद होता. खाली सतरंजी पसरून आजी त्या खांबाला पाठ टेकून बसल्या होत्या, गावाकडच्या ओसरीत बसत असतील तशा, आणि जपमाळ करीत होत्या. मला पाहून त्यांनी उठण्याची धडपड केली. मी त्यांना बसून राहण्याची खूण केली आणि त्यांच्या शेजारी सतरंजीवर बसलो.